पिल्लं उडेपर्यंत

कवळीवाल्यांनी पांढऱ्या कोटाची बटणं लावली, ॲल्युमिनियमचं पातेलं डोक्यावर उलटं घातलं, कानांपर्यंत दाबलं आणि प्लास्टरच्या दोन जबड्यांचा ट्रे छातीशी धरून मागचं दार पायानं ढकललं. अंगणाच्या पलीकडे त्यांची कामाची खोली होती. मध्ये तुतीचं झाड. झाडावर सुळा नावाचा कावळा बसलेला दिसत होता. त्याची जोडीदारीण दाढ कुठे होती ते कळत नव्हतं, आणि खरी धास्ती तिचीच होती.

"बाबा, आज डावीकडून जा," स्वयंपाकघराच्या खिडकीतून जावई म्हणाला. "काल उजवीकडून गेलात आणि हरलात."

"मी जिंकायला नाही, कामाला चाललोय."

"कामाला जाताना पातेलं लागतं म्हणजे कामच धोक्याचं आहे. राजीनामा द्या."

बायको हसली. लेक खिडकीशी तान्ह्या नातीला खांद्यावर थोपटत उभी होती. तिनं पाठ फिरवली.

कवळीवाले पायरी उतरले. अंगणातली फरशी सकाळीच तापली होती. पिकून गळलेल्या तुतींचा जांभळा चिखल चुकवत ते अर्ध्यावर पोचले, तोच मागून पंखांचा आवाज आला आणि पातेल्यावर टण्ण झालं. दाढ. ती वळून पुन्हा आली. या खेपेला तिनं पातेलं सोडून मानेवर नख्या ओढल्या. कवळीवाल्यांनी मान आत घेतली, ट्रे कलंडला, वरचा जबडा फरशीवर पडून त्याचे दोन तुकडे झाले. खालचा तेवढा शाबूत राहिला.

"अगं, मी आहे मी!" ते वर बघून ओरडले.

दाढेला ते माहीत असणारच. अडचण तीच होती.

कावळ्यांशी त्यांचं वैर असतं तर गोष्ट वेगळी. उलट या घरात कावळ्यांचं कुणी होतं तर तेच. गावातल्या दंतवैद्यांसाठी ते कवळ्या बनवत, आणि मागच्या खोलीत बसून दात घासता घासता त्यांची अर्धी हयात गेली होती. आम्लासारखा वास, पांढरी धूळ आणि घोंघावणारी मोटार असलेल्या त्या खोलीत घरातलं कुणी फारसं फिरकत नसे. कावळा फिरके. एका उन्हाळ्यात तो खिडकीच्या कट्ट्यावर येऊन बसला, टेबलावर मांडलेल्या दातांच्या रांगेकडे मान वाकडी करून बघत राहिला, आणि दुसऱ्या दिवशी बायको घेऊन आला. चोच जरा पुढे आलेली, म्हणून तो सुळा. ती रुंद आणि बसकी, म्हणून दाढ. उकडलेल्या अंड्याचा बलक दाढेला, पावाची कड सुळ्याला, अशी वाटणी ठरून गेली. काही वर्षांनी दोघं हातातून खाऊ लागली. कवळीवाल्याच्या हातून कावळी खाते, यावर घरात इतके विनोद झाले की शेवटी विनोदच थकले.

एक गोष्ट मात्र ते कुणाला सांगत नसत. कवळी शेजारच्या दातांना अडकावी म्हणून तिला बारीक तारेचे आकडे लावतात. त्या तारेचे उरलेले तुकडे ते कट्ट्यावर ठेवत. सुळा ते निवडून घरट्याला नेई. आपल्या हातची तार झाडाच्या शेंड्यावर लागते आहे, याचा त्यांना छुपा अभिमान होता.

यंदा तो अभिमान अंगाशी आला.

घरटं यंदा नेमकं विजेच्या तारेला लागून झालं. वारा सुटला की घरट्यातली तार तिकडे टेकायची आणि घरातला फ्यूज जायचा. पंखे बंद. लेक बाळंतपणानंतर महिनाभर राहायला आली होती. तान्हीचं अंग घामोळ्यांनी भरलं होतं, आणि पंखा थांबला की ती असा सूर लावी की शेजारपाजार खिडक्या लावून घेई. वायरमन आला, वर बघून म्हणाला, "घरटं काढा, नाहीतर मला महिनाभर रोज बोलवा. मला काय, चहा मिळतो." मग बायकोनं कवळीवाल्यांकडे पाहिलं.

"आणि ती तार कुठून आली म्हणे घरट्यात?"

"मला काय विचारतेस?"

"तुम्हाला नाही तर कुणाला विचारू? गावात दुसरं कोण कावळ्यांना माल पुरवतं?"

घरट्यात पिल्लं होती. कवळीवाल्यांनी जेवताना सांगितलं: पिल्लं उडेपर्यंत थांबा, फार दिवस नाहीत, मग मीच शिडी लावतो. बायको म्हणाली, आधी नात की आधी कावळे? जावई पोहायला शिकवत असे. प्रत्येक भांडणात आधी पाणी किती खोल आहे ते बघायची त्याला सवय होती. तो ताटात बघत राहिला. तेव्हा लेक उठून उभी राहिली. ती वकील होती, आणि चेहऱ्यापासून डाव्या खांद्याच्या उतारापर्यंत बापाच्या साच्यातून काढलेली.

"माझे अशील सध्या घरी लहान मुलं असल्यामुळे हजर राहू शकत नाहीत," ती कोर्टातल्यासारखं म्हणाली. "त्यांच्या वतीनं मी स्थगिती मागते. पिल्लं उडेपर्यंत."

"आणि तुझी स्वतःची पोर?" आईनं विचारलं.

"ती माझी अशील नाही. ती फी देत नाही."

सगळे हसले. स्थगिती मिळाली. बायकोनंही "बरं बाई" म्हणून टाकलं. कवळीवाल्यांनी लेकीच्या ताटात कलिंगडाची मधली फोड ठेवली. लहानपणी ती त्यांच्या स्टुलाशेजारी उभी राहून कावळ्यांना पाव भरवायची. पाव भरवायचं वय सरलं तरी माणूस तेच आहे, असं त्या रात्री त्यांना वाटलं.

पुढच्या आठवड्यात एक दंतवैद्य त्यांना शेजारच्या गावी वृद्धाश्रमात घेऊन गेला, जबड्यांची मापं घ्यायला. दोन दिवसांचं काम. ते शनिवारी परतले तर घरटं नव्हतं.

"वावटळ आली," जावई म्हणाला. "इतकी धूळ, इतकी धूळ, विचारू नका."

"पिल्लं?"

"आम्ही खाली शोधलं," बायको म्हणाली. "तुम्ही आधी हात-पाय धुवा."

कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते; वावटळीला आणि घरट्याला पडली असेल. कवळीवाले झाडाखाली बराच वेळ उभे राहिले. मग कामाच्या खोलीत गेले, तर खुंटीवर त्यांचा पांढरा कोट धुऊन, इस्त्री करून टांगलेला. जन्मात तो कोट घरात कुणी धुतला नव्हता. प्लास्टर बाकीच्या कपड्यांना लागतं म्हणून तो ते स्वतः नळाखाली चुबकत. बायकोनं सांगितलं, लेकीनं धुतला. पिल्लं गेल्याचं दुःख आपल्याला होणार हे ओळखून पोरीनं काहीतरी केलं, असं त्यांच्या मनात आलं आणि ते कोटाच्या घडीवरून हात फिरवत राहिले.

त्याच संध्याकाळी, तोच कोट घालून, डोक्यावर कापडी टोपी आणि गळ्यात धुळीचा मास्क अशा नेहमीच्या वेशात ते अंगणात आले. हातात अंड्याचा बलक होता. दाढेनं त्यांच्या कपाळातून रक्त काढलं.

तेव्हापासून हे चाललं होतं. बलक ठेवला तर कावळे शिवत नसत. हाका मारल्या तर दोघं मिळून असा आरडाओरडा करत की गल्लीतले बाकीचे कावळेही येऊन साथ देत. घरातल्या दुसऱ्या कुणाला काही नाही. बायको झाडाखाली कपडे वाळत घाले. लेक तान्हीला घेऊन सावलीत बसे. जावई तर एकदा झाडाखाली झोपला.

"कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही," बायको म्हणाली.

"गाईच्या डोक्यात टोचत नाहीत."

"बाबा, तुम्ही त्यांना चुकून शिळं अंडं दिलं असेल," जावई म्हणाला. "पोटाचा राग फार वाईट."

कवळीवाल्यांनी या शक्यतेचाही विचार केला. आपण काय केलं, याचा ते दिवसभर विचार करत. गावी गेलो आणि नेमकं तेव्हाच घरटं पडलं, म्हणून राग? तार आपण दिली, त्यामुळे घरटं वजनानं खाली आलं असेल, म्हणून? काम करता करता त्यांचा हात थांबे. इतक्या वर्षांची ओळख एका दिवसात कुणी अशी मोडत नाही. मोडणाऱ्याकडे कारण असणार, आणि ते कारण आपल्याला कळलंच पाहिजे, असं त्यांनी मनात घेतलं. नाहीतर उरलेला जन्म पातेल्याखाली जाणार, आणि वर आपलं काय चुकलं तेही न कळता.

शेजारच्या बाईंनीही याच सुमाराला बोलणं टाकलं. बाई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. दुपारी गच्चीत दुर्बीण घेऊन बसत आणि संध्याकाळी कुंपणाच्या भिंतीवरून दिवसभरात काय पाहिलं ते कवळीवाल्यांना सांगत. आता त्या भिंतीपाशी आल्या की यांना बघून परत वळत. उन्हाचा त्रास होत असेल, असं त्यांनी धरलं.

आज जबडा फुटला, त्यानंतर मात्र त्यांचं डोकं तापलं. दुपारी त्यांनी कोट काढून टेबलावर फेकला, टोपी फेकली, मास्क फेकला, आणि नुसत्या बनियनवर, उघड्या डोक्यानं, पातेलंही विसरून, नळावर तोंड धुवायला तडक अंगणातून निघाले. नळ झाडाखालीच होता. तोंडावर पाणी मारल्यावर त्यांना आठवलं की आपण कुठे उभे आहोत. त्यांनी हळूच वर पाहिलं.

दाढ खालच्या फांदीवर होती. तिनं मान वाकडी केली. एक डोळा लावला, दुसरा लावला. मग ती फांदीवरून सरकत जवळ आली आणि घशातल्या घशात तो आवाज काढला, जो ती पूर्वी खिडकीच्या कट्ट्यावर काढत असे.

कवळीवाल्यांच्या हनुवटीवरून पाणी टपकत राहिलं.

ते परत खोलीत गेले. कोट घातला, टोपी घातली, मास्क लावला. दारात आले. झाडावर एकच कल्लोळ उसळला आणि सुळा सरळ तोंडावर आला. त्यांनी दार ओढून घेतलं.

म्हणजे राग त्यांच्यावर नव्हता. कोटावर होता.

ते स्टुलावर बसले आणि त्यांनी कोट मांडीवर पसरला. कोटाला राग येण्याजोगं काही करता येत नाही. तो कुणीतरी घालावा लागतो. बाहीच्या शिवणीत, जिथे साबण पोचत नाही तिथे, त्यांच्या नखाला एक जांभळी रेघ लागली. तुतीचा रंग. ते स्वतः झाडावर कधी चढले नव्हते.

संध्याकाळी ते बनियनवरच भिंतीशी जाऊन उभे राहिले. बाई झाडांना पाणी घालत होत्या. यांना पाहून त्यांनी झारी उचलली.

"बाई, थांबा. माझं काही चुकलं का?"

"ते तुम्ही मला विचारता?"

"दुसरं कुणाला विचारू? कावळे सांगत नाहीत."

बाईंनी झारी भिंतीवर ठेवली. "मला पक्ष्यांचं वेड तुम्ही लावलंत, म्हणून बोलते. नाहीतर बोलले नसते. शुक्रवारी दुपारी मी गच्चीत होते. सगळं पाहिलं. तोच कोट, तीच टोपी, तोंडावर फडकं. शिडीवर नेहमीसारखे डावा खांदा पाडून उभे होतात, आणि ती दोघं तुमच्याभोवती नुसती फिरत होती, टोचतसुद्धा नव्हती. त्यांना वाटलं असेल, आपलाच माणूस आहे, काही खायला घेऊन आलाय." बाईंनी झाडाकडे पाहिलं. "तुम्ही घरटं उचललंत तेव्हा त्यांना कळलं."

शुक्रवारी दुपारी कवळीवाले दुसऱ्या गावी एका म्हाताऱ्याच्या तोंडात मेण दाबून बसले होते. "चावा आजोबा, जोरात चावा," असं म्हणत. आणि डावा खांदा पाडून उभं राहणारं या घरात त्यांच्याखेरीज एकच माणूस होतं.

पलीकडे स्वयंपाकघरात तान्ही हसल्याचा आवाज आला. पंखा फिरत होता.

"नाही म्हणा ना," बाई म्हणाल्या. "मी नाही, असं म्हणा. मी ऐकून घेईन."

"मीच होतो," कवळीवाले म्हणाले.

बाईंनी झारी उचलली आणि उरलेलं पाणी कुंडीत न घालता तिथेच मातीत ओतून त्या आत गेल्या.

घरात कलिंगड कापलं होतं. जावई बिया ताटलीत मारायचा नेम धरत होता. कवळीवाले खुर्चीत बसले, फोड घेतली, खाल्ली, साल ताटलीत ठेवली.

"बाईंना काय झालंय?" बायकोनं विचारलं. "आज बोलल्या वाटतं."

"त्यांनी शुक्रवारी मला शिडीवर पाहिलं."

जावयाचा नेम चुकला. बी कपाटावर आपटली. लेकीच्या हातात फोड होती ती तिनं खाली ठेवली. तिच्या गालाच्या मागे, जबड्याच्या कोपऱ्यात, स्नायूची एक गाठ वर आली आणि गेली. लहानपणी परीक्षेत कमी गुण मिळाले की ती असेच दात दाबायची. तिची डावी दाढ त्यापायी झिजली होती, हे तिला माहीत नसलं तरी त्यांना माहीत होतं.

"वावटळ..." जावई म्हणाला.

"पुरे आता ती वावटळ," बायको म्हणाली. "शिडी मी धरली होती. झालं?"

"टोपली मी आणली," जावयानं सांगितलं. "पण बाबा, मी म्हटलं होतं की तुम्हाला विचारू. म्हणजे, मोठ्यानं नाही म्हटलं."

कवळीवाल्यांनी बायकोकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं. आत येताना त्यांनी एकाचा हिशेब धरला होता. इथे पंगतच बसली होती. रोज सकाळी खिडकीत हसायला जमलेली ती हीच पंगत.

"मी काढलं बाबा," लेक म्हणाली. "सगळं मी ठरवलं. आई वायरमनला बोलावणार होती. तो बांबूनं पाडतो, पिल्लं खाली आपटली असती. मला वाटलं, टोपलीत नीट उतरवावीत. आणि कोट घातला, कारण..." ती थांबली. "ती तुम्हाला ओळखतात. तुम्ही असलात तर घाबरणार नाहीत."

"नाही घाबरली. बाईंनी पाहिलं."

"आदल्या रात्री दोनदा वीज गेली. ही रडून रडून निळी पडली होती. तुम्ही नव्हता इथे."

"फोन होता."

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"असतो का?"

लेकीनं ताटलीतल्या बिया बोटानं एका बाजूला केल्या. आपण काय म्हटलं असतं, ते त्यांनाही पक्कं सांगता आलं नसतं. नातीचं रडं फोनवर ऐकलं असतं तर कदाचित त्यांनीच म्हटलं असतं, लाव शिडी. पण ते आता कळायला मार्ग नव्हता.

"पिल्लांचं काय झालं?"

"टोपली तुमच्या खोलीच्या पत्र्यावर ठेवली होती. सावलीत. सकाळी रिकामी होती."

"उडाली असतील," बायको म्हणाली.

"डोळे उघडलेले होते?"

बायको साली गोळा करायला लागली.

"आणि कोट धुतलास."

"तुतीचे डाग पडले होते."

"हं," ते म्हणाले. "मला वाटलं..."

"मी त्याच दिवशी सांगणार होते, खरंच," लेक म्हणाली. "पण तुम्ही दमून आला होता. मग दुसऱ्या दिवशी तुम्ही डोक्यावर चाळण घालून निघालात आणि सगळे इतके हसले... मग कसं सांगायचं? प्रत्येक दिवशी जास्तच अवघड होत गेलं. बाबा, ओरडा ना माझ्यावर."

"तान्ही जागी होईल."

"मी उद्या बाईंना सांगते. त्यांना उगाच वाटतंय की तुम्ही..."

"कलिंगड गोड आहे," कवळीवाले म्हणाले आणि हात धुवायला उठले.

सकाळी ते पांढरा कोट घालून मागच्या दाराशी आले. बायको शेगडीपाशी होती.

"अहो, कोट कशाला? बनियनवर जा की. काल बनियनवर होतात तेव्हा काही केलं नाही त्यांनी, मी पाहिलं."

"कोट माझा आहे."

"पातेलं तरी घ्या!"

त्यांनी पातेलं घेतलं नाही. अंगण ओलांडेपर्यंत दाढ दोनदा आली, सुळा एकदा. टोपी वेडीवाकडी झाली, कानामागे चरचरलं. ते पळाले नाहीत. खोलीत जाऊन त्यांनी कानामागे कापूस लावला, मास्क चढवला आणि फुटलेल्या जबड्याच्या जागी नवा ओतायला प्लास्टर कालवायला घेतलं. प्लास्टर वाट बघत नाही. हात थांबला की ते भांड्यातच दगड होतं.

खिडकीतून त्यांना लेक येताना दिसली. ती तान्हीला आत ठेवून आली होती. झाडाखालून सरळ चालत ती भिंतीशी गेली आणि बाईंना हाक मारली. बाई दुर्बीण गळ्यात घालूनच आल्या.

"बाई, तुम्हाला एक सांगायचंय. शुक्रवारी शिडीवर बाबा नव्हते. मी होते."

बाईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू?"

"बाबांचा कोट घातला होता. टोपी, मास्क सगळं. बाबा त्या दिवशी गावात नव्हतेच."

"अगं, ते स्वतः मला म्हणाले काल. इथेच उभे राहून. मीच होतो, म्हणाले."

"ते खोटं बोलले."

"आणि तू खरं बोलतेस."

"हो."

"पोरी," बाईंचा आवाज मऊ झाला, "मी सगळा जन्म वर्गात काढला. एकानं काच फोडायची आणि दुसऱ्यानं हात वर करायचा, हे मला नवं नाही. कोण कुणासाठी खोटं बोलतंय ते मला तोंडावरून कळतं. वकील आहेस, म्हणून माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं पाडू नकोस."

"बाई, शपथेवर सांगते..."

"शपथ नको. त्यानं काही होत नाही."

लेक वळली. तिचा चेहरा लाल झाला होता. "बाबा!" तिनं खिडकीकडे बघून हाक मारली. "बाबा, सांगा ना यांना! तुम्ही तरी खरं सांगा!"

कवळीवाल्यांनी प्लास्टर साच्यात ओतलं. बुडबुडे राहू नयेत म्हणून साचा टेबलावर हलकेच आपटला, पुन्हा आपटला, वरचा थर पात्यानं सपाट केला. मग ते खिडकीशी आले आणि त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला. लेक त्यांच्याकडे बघत होती. डावा खांदा खाली, हात भिंतीवर टेकलेले. इतक्या आशेनं तिनं त्यांच्याकडे बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"पोर माझी बाजू घेतेय, बाई," कवळीवाले म्हणाले. "लहानपणापासूनची सवय आहे तिला."

"तेच म्हणते मी," बाई म्हणाल्या. त्यांनी भिंतीवरून हात लांबवून लेकीचा हात थोपटला. "भाग्यवान आहेत हो तुमचे वडील. त्यांनी केलं ते केलं, पण लेक चांगली निपजली."

लेकीनं हात काढून घेतला नाही. बाई आत गेल्यावरही तो तसाच भिंतीवर राहिला. खोलीत मोटार सुरू झाल्याचा आवाज आला.

मग ती परत निघाली आणि झाडाखाली येऊन थांबली. तिनं वर पाहिलं. दोघं खालच्याच फांदीवर होती, हाताच्या अंतरावर. दाढेनं मान वाकडी करून तिला एका डोळ्यानं पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्यानं. लेकीत तिला काही वावगं आढळलं नाही. तिनं पंख पसरला आणि सावकाश एकेक पीस साफ करायला घेतलं.